पुढचा ब्रेक दाबायचा की नाही? (नवीन बाईकवाला, पहिली घसरण)

नवाकोरा७

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गुडघ्याला पट्टी बांधून बसलोय म्हणून धागा काढायची हिंमत केली.

वय ३१ आणि बाईक आत्ता शिकलोय, हसायचं असेल तर आधी हसून घ्या. आजवर सायकल नाहीतर दुसऱ्याच्या मागे डबलसीट, एवढंच. लायसन्स येऊन दोन महिने झाले. बाईक सेकंडहँड, १५० सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) वगैरे काही नाही. काल सकाळी एका गल्लीत वळत होतो, वेग फार तर पंचवीस-तीस, वळणावर कुणीतरी बांधकामाची वाळू टाकलेली, ती टायरांनी पसरून पसरून अर्ध्या रस्त्यावर आलेली. नेमका समोरून एक सायकलवाला आला, मी दचकलो आणि उजव्या हाताची चारही बोटं ब्रेकवर गच्च आवळली. पुढचं काही कळलंच नाही. म्हणजे घसरतोय असं वाटायच्या आतच मी खाली होतो, बाईक माझ्या पायावर आणि सायकलवाला विचारतोय "लागलं का?"

तळहात सोलले, गुडघा सोलला, गिअरचा लिव्हर वाकला. हेल्मेट होतं पण डोकं आपटलंच नाही.

आता प्रश्न असा की मला ज्यांनी शिकवलं ते वडिलांचे मित्र, त्यांचं पहिल्या दिवसापासून एकच, "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, तोंडावर पडशील." ऑफिसातला एक पोरगा म्हणतो की पुढचाच खरा ब्रेक, मागचा नुसता नावाला. काल पडल्यावर काका बरोबर होते असं वाटायला लागलंय. खरं काय आहे? आणि नवीन माणसाने अजून काय काय सांभाळायचं? घरून "विकून टाक" चालू झालंय, त्यामुळे उत्तर जरा पटेल असं द्या, मला ते घरी वाचून दाखवायचंय.

चेनस्प्रॉकेट

आधी हे बरं झालं की थोडक्यात निभावलं. गुडघ्याची जखम साबण-पाण्याने नीट धू, त्यातली वाळू निघाली पाहिजे.

काकांचा सल्ला चुकीचा आहे. पण तू पडलास तो पुढचा ब्रेक वापरल्यामुळेच, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगतो.

ब्रेक मारला की गाडीचा सगळा भार पुढे जातो, हे तू डबलसीट बसलेला असताना अनुभवलंच असशील, चालवणाऱ्याच्या पाठीवर आदळतो आपण. भार पुढे गेला की पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते, मागचं चाक मात्र हलकं होतं. म्हणून कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो आणि मागचा जरा जास्त दाबला की चाक लॉक होऊन (म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरत) गाडी शेपटी हलवायला लागते. आता गंमत अशी की भार पुढे जायला थोडासा वेळ लागतो, अर्धा सेकंदही नाही, पण लागतो. तू त्या आधीच चार बोटांनी ब्रेक आवळलास, टायर अजून दाबला गेलेलाच नाही, त्यात खाली वाळू, त्यात गाडी वळणात झुकलेली. झुकलेल्या गाडीच्या टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होत असते, ब्रेकसाठी उरते थोडी, आणि वाळूवर तीही नाही. चाक लॉक, गाडी आडवी. यात ब्रेकचा दोष नाही, तो आवळण्याचा दोष आहे.

करायचं असं: दोन बोटं (हात लहान असतील तर तीन), आधी लिव्हर नुसता ढिला आहे तेवढा ओढून घ्यायचा, पुढचं नाक जरासं खाली बसलं की मग दाब वाढवत न्यायचा. लिंबू पिळतो तसं, डास मारतो तसं नाही. सोबत मागचा हलका आणि शेवटी क्लच. सरळ जाताना पुढचं चाक लॉक झालंच तर लगेच सोडायचं आणि परत हळू पिळायचं.

आणि वळणात ब्रेक नकोच. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात असताना काही आडवं आलं तर आधी गाडी सरळ उभी करायची, मग ब्रेक. वाळू किंवा खडी दिसली आणि टाळता येत नसेल तर काहीही करायचं नाही, ब्रेक नाही, रेस नाही, हँडलला झटका नाही, लांब बघत गप पार व्हायचं. हे "काहीही न करणं" सगळ्यात अवघड आहे, सांगून ठेवतो.

येत्या सुट्टीच्या दिवशी मोकळं मैदान किंवा रिकामं पार्किंग शोध. जमीन कोरडी, पक्की पाहिजे. पाण्याची बाटली खूण म्हणून ठेव, बाटली आली की ब्रेक. आधी २० च्या वेगाने, मग ३०, मग ४०. एकदा फक्त मागचा, एकदा दोन्ही. पावलं मोज आणि इथे येऊन आकडे टाक, मग बोलू.

जुनेखोड

मी चौतीस वर्षं गाडी चालवतो आहे. कायम मागचा ब्रेक आणि इंजिनचा ब्रेक, म्हणजे रेस सोडून गिअर उतरवत वेग कमी करायचा. एकदाही पडलो नाही. हल्ली सगळं पुस्तकातून शिकायचं फॅड आलं आहे. नवीन माणसाने वेगच वाढवू नये, म्हणजे ब्रेकचा प्रश्नच येत नाही. या मुलाने पुढचा दाबला आणि पडला, हे त्याने स्वतःच लिहिलं आहे. अजून काय पुरावा पाहिजे?

चेनस्प्रॉकेट

काका, तुमच्या ३४ वर्षांना नमस्कार. पण तुम्ही सुरुवात केलीत तेव्हा पुढे ड्रम होते आणि ते नीट लागायचेच नाहीत, तेव्हा पुढच्यावर विसंबायचं नाही हे बरोबरच होतं. आता डिस्क आहे.

आणि वेगाबद्दल एकदम मान्य, फक्त आकडे बघा. ब्रेक उत्तम लागला तरी आधी दिसायला, मेंदूला कळायला आणि बोटं हलायला साधारण एक सेकंद जातो. ४० च्या वेगाने त्या एका सेकंदात ११ मीटर गेले, वर ब्रेकचे साधारण ९, म्हणजे २० मीटर. ८० ला तो एक सेकंद २२ मीटरचा होतो आणि ब्रेकचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं, ३५ च्या आसपास. एकूण ५७. म्हणजे वेग दुप्पट, थांबायला जवळपास तिप्पट रस्ता. आणि हे दोन्ही ब्रेक नीट वापरून, कोरड्या डांबरावर. फक्त मागच्याने थांबायचं म्हटलं तर तो रस्ता अजून किती लांबेल याचा हिशोब तुम्हीच करा.

क्लचवाली

काका, पुरावा मागितलात म्हणून. १९८१ साली अमेरिकेत हर्ट रिपोर्ट म्हणून एक प्रसिद्ध झाला (संशोधकाचं आडनावच हर्ट, मी नाही ठेवलं). लॉस एंजेलिस भागातले ९०० बाईक अपघात त्यांनी जागेवर जाऊन तपासले. त्यात नेमकं हेच सापडलं की ऐन वेळेला बहुतेक चालक मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवत होते आणि पुढचा पुरेसा वापरतच नव्हते. आणि काही करायला हातात वेळ किती? बहुतेकदा दोन सेकंदसुद्धा नाही. दोन सेकंदात माणूस विचार करत नाही हो, हाताला जी सवय आहे तेच हात करतो. म्हणून ते मैदान आणि बाटली.

पण मला नवाकोराला दुसरंच सांगायचंय. त्याच रिपोर्टमध्ये होतं की दोन वाहनांच्या टकरींपैकी दोन तृतीयांशांमध्ये चूक दुसऱ्या वाहनवाल्याची होती, बाईकचा रस्ता असताना तो आडवा आला. आणि "मला दिसलीच नाही" हे कारण. खोटं बोलत नाहीत ते, खरंच दिसत नाही. समोरून येणारी बाईक म्हणजे एक बारीक उभी रेघ, ती लांब असताना मोठी होतेय हे डोळ्याला जाणवतच नाही, आणि कारच्या पुढच्या काचेच्या कडेचा तो खांब आहे ना, त्याच्या आड आख्खी बाईक मावते.

माझं सांगते. मी सरळ मोठ्या रस्त्याने चाललेय, बाजूच्या रस्त्याच्या तोंडाशी एक कार थांबलेली. काका वयाचे गृहस्थ, त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी डोळ्यात डोळे घालून, मला वाटलं चला थांबले, आणि ते निघाले! मी कशीबशी त्यांच्या मागच्या बंपरला वळसा घालून गेले, हात नंतर दहा मिनिटं कापत होते. तेव्हापासून मी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघणं सोडलं, मी पुढच्या चाकाकडे बघते. माणूस कुठेही बघत असू दे, चाक फिरायला लागलं की गाडी निघाली. आणि अशी गाडी दिसली की रेस सोडून द्यायची, दोन बोटं ब्रेकवर नुसती ठेवायची, आणि आपल्या लेनमध्येच थोडं बाजूला सरकायचं. सरळ रेषेत येणारी वस्तू दिसत नाही, आडवी हललेली चटकन दिसते.

अजून एक. ज्याच्याकडे बघशील तिकडेच जाशील. खड्डा बघितला की खड्ड्यातच जातो आपण, अनुभव असेलच. तू काल सायकलवाल्याकडे बघत होतास, पैज लावते. मोकळी जागा कुठे आहे तिकडे मान वळवायची, गाडी आपोआप मागे येते. मान हं, नुसते डोळे नाही.

विकून वगैरे टाकू नकोस. मी पहिल्या महिन्यात तीन वेळा पाडली, तीही उभ्या उभ्या, साइड स्टँड न लावता उतरले म्हणून.

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीमध्ये काम करतो, कुठे ते विचारू नका, त्यामुळे बाईकवाले मला दुसऱ्या टोकाला भेटतात आणि मला ब्रेकचं शास्त्र कळत नाही पण काय घातलेलं असतं आणि काय नसतं हे रोज दिसतं, त्यामुळे तेवढंच लिहितो. पडताना माणूस हात पुढे करतोच, शिकवून ती सवय जात नाही, म्हणून सगळ्यात आधी ग्लोव्हज, तुझे तळहात सोललेत त्यातच आलं सगळं. तळहाताची कातडी गेली की जेवण, आंघोळ, शर्टाचं बटण, सगळ्याला दुसरा माणूस लागतो. दुसरं म्हणजे घोटा. चपलेत आणि सँडलमध्ये आलेले घोटे मी इतके बघितलेत की मला आता सिग्नलला लोकांचे पाय बघायची वाईट सवय लागलीये. घोटा झाकणारा बूट पाहिजे, लेस आत खोचलेली पाहिजे, गिअरमध्ये अडकते ती. तिसरं, साधी जीन्स डांबरावर बघता बघता फाटते, तिच्यावर भरवसा ठेवू नका, गुडघ्याला वेगळे गार्ड घ्या.

आणि हेल्मेट, हो, तू म्हणतोस डोकं आपटलंच नाही, पण आपटलं असतं तर हनुवटी आणि गाल आधी गेले असते, म्हणून फुल फेस. पट्टी बांधलेली पाहिजे, पट्टी न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी वीस फूट पुढे जाऊन पडलेलं असतं. पट्टी लावून मागून वर उचलून बघ, डोक्यावरून निघालं तर साइझ मोठा आहे. मान हलवल्यावर गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. नवीन घट्टच वाटतं. आतलं ते थर्माकोलसारखं असतं ना, ते एकदाच चेपण्यासाठी बनवलेलं असतं, धक्का तेच खातं, त्यामुळे एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत असलं तरी गेलं, आणि सेकंडहँड हेल्मेट तर घेऊच नका. बाईक सेकंडहँड चालेल.

घरी वाचून दाखवायचंय म्हणालास म्हणून एक गोष्ट. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणतात तो टी. ई. लॉरेन्स, पहिल्या महायुद्धात गाजलेला ब्रिटिश अधिकारी, १९३५ च्या मे महिन्यात बाईकवरून पडला, दोन सायकलवरच्या मुलांना चुकवताना (तुझ्यासारखंच!), हेल्मेट नव्हतं, सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही, त्यांनी बाईकवाल्यांच्या डोक्याच्या दुखापती अभ्यासल्या आणि १९४१ साली हेल्मेटवर निबंध छापला, त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या बाईकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. साध्या लोकांना सक्ती व्हायला तिथे १९७३ उजाडलं. आज आपल्याकडे आकडा आहे की हेल्मेटने मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो. पण आकड्यांनी कुणी पट्टी बांधत नाही हा माझा अनुभव, गोष्टीने कधी कधी बांधतात.

टायरवाला_नाही

सेकंडहँड बाईक म्हणालास. टायर किती जुने आहेत? बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. बघून सांग. हवा थंड टायरला तपासायची, गाडी चालवून आल्यावर नाही. चेनही बघ.

नवाकोरा७

ताई, पैज जिंकलात, सायकलवाल्याच्या टोपीचा रंगसुद्धा आठवतोय मला.

@टायरवाला_नाही, आत्ता टॉर्च घेऊन जाऊन बघून आलो. मागचा ०८२१. पुढचा ३५१३. म्हणजे २०१३ चा??? खाचा तर दिसतायत अजून. गाडी विकताना सांगितलं होतं "टायर चांगले आहेत".

टायरवाला_नाही

खाचा आहेत कारण गाडी बरीच वर्षं उभीच असणार. रबर उन्हाने, वयाने कडक होतं. नख रुतवून बघ, दगडासारखं लागेल. बाजूला बारीक चिरा असतील. आधी टायर बदल, मग मैदानात जा. आणि नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो, तोवर वळणात झुकायचं नाही, जोराचे ब्रेक नाहीत. डिस्क ब्रेकचं ऑईलही तेव्हापासूनचं असेल तर बदल, ते हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं.

जुनेखोड

टायर बारा-तेरा वर्षं जुना असेल तर कुठल्याही ब्रेकने पडलाच असता. हे आधी तपासायला हवं होतं. आमच्या वेळी रोज सकाळी गाडी पुसताना सगळं हाताखालून जायचं, टायर, चेन, नटबोल्ट, लाईट. आता गाडी पुसतो कोण. गाडी पुसत जा, एवढा माझा सल्ला घे.

आणि पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पहिल्या सरीचा पहिला अर्धा तास थांबून घ्यावा, रस्त्यावरचं तेल वर येतं. पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, रेल्वेचे रूळ ओले असले की बर्फ समज. रूळ आडवा ओलांडायचा, तिरपा नाही, चाक खोबणीत जातं. रात्री दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग.

क्लचवाली

काकांना +१, गाडी पुसण्याबद्दल तर +१००. यातलं एकही वाक्य पुस्तकातलं नाही बघा काका :)

नवाकोरा७

तीन आठवड्यांनी अपडेट.

पुढचा टायर नवीन, ब्रेक ऑईल नवीन, लिव्हर सरळ करून घेतला. दीडशे किलोमीटर म्हातारबाबासारखी चालवली, मागचे हॉर्न मारून मारून दमले. आज सकाळी मैदान, पक्की जमीन, बाटली. सोबत बायको आली होती, "बघू तरी काय करतोस" म्हणून, पावलं तिनेच मोजली, त्यामुळे आकडे खरे आहेत.

४० च्या वेगाने फक्त मागचा ब्रेक: पहिल्यांदा चाक लॉक झालं, जमिनीवर काळा पट्टा उमटला आणि गाडी तिरकी झाली, माझी फाटली. तीन वेळा करून सगळ्यात चांगलं २४ पावलं. दोन्ही ब्रेक, पिळून: पहिल्यांदा २० कारण भीतीने पुढचा दाबलाच जात नव्हता, हात मध्येच ऐकेना. मग ३० च्या वेगाला परत गेलो, तिथे दहा-बारा वेळा केलं, ते नाक खाली बसतं ते हाताला कळायला लागलं, फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) दबताना एक बारीक आवाज येतो, तो आला की मग पिळायचं असं जमलं. परत ४० ला आलो तर १३ पावलं.

२४ आणि १३. बायको त्या अकरा पावलांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे फक्त मागच्याने तू मला उडवलं असतंस." घरात विकायचा विषय सध्या बंद आहे. काकांना (वडिलांच्या मित्रांना) फोन करून सांगितलं, ते म्हणाले "बघ बाबा, मी आपलं माझ्या गाडीचं सांगितलं होतं."

चेनस्प्रॉकेट

१३ म्हणजे झकास. आता हे दर महिन्याला दहा मिनिटं करायचं, हात विसरतो. आणि डबलसीट घेऊन लगेच जाऊ नको, मागे माणूस बसला की गाडीचं सगळं गणित बदलतं, वळणं, ब्रेक, सगळंच जड होतं.

जुनेखोड

बाटली कशाची ठेवली होती? प्लॅस्टिकची रिकामी वाऱ्याने सरकते. मला दोन्ही प्रकारे मोजून बघायचं आहे.

नवाकोरा७

काका, अर्धी भरून ठेवा.

आता ग्लोव्हज घेतोय, एक शेवटचा प्रश्न, साइझ बघताना बोटं सरळ ठेवून बघायचं की मूठ वळून?

रात्रपाळी

मूठ वळून, हँडल धरल्यासारखी. बोटांच्या टोकाला टोचलं तर एक नंबर मोठा. मनगटाची पट्टी आवळून दुसऱ्या हाताने ओढून बघ, निघता कामा नये.